अर्धा वरवंटा

दगड होता. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी उलटतपासणी घ्यायला नको. गावात मी सगळ्यांना सांगितलं की ढिगावर काही नव्हतं, लाकडं उघडी पडली होती, म्हणून उचलली. साफ खोटं. दगड होता, आणि तो कुणाचा हेही मला बघताक्षणी कळलं होतं.

आमचं गाव साक्रीच्या रस्त्यावर. इकडे एक रीत आहे, माझ्या आजेसासूच्या आधीपासूनची. तोडलेल्या लाकडाचा ढीग लावायचा आणि वर एक दगड ठेवायचा. ठेवला की संपलं. तो ढीग त्याचा. मग न्यायला तीन दिवस लागोत की पंधरा, कुणी काडीला हात लावत नाही. कोंबड्या चोरणारा, विहिरीवरच्या मोटारीची वायर कापून नेणारा माणूससुद्धा दगड बघितला की बाजूनं जातो. लग्न होऊन मी इथं आले तेव्हा सासूनं मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, बाई, दुसऱ्याच्या ताटातलं एकवेळ खा, दगडाखालचं लाकूड घेऊ नको.

आता नानीचं सांगते. नानीबाई वरच्या पाड्यावरची. गावापासून पाडा चार किलोमीटर, सगळा चढ. तीस वर्षं ती डोक्यावर मोळी घेऊन माझ्या दारात आली. मी भाकरी द्यायची, चहा द्यायची, मोळीचे पैसे द्यायची, आणि मोळी बारीक आहे म्हणून कटकटही करायची. माझा स्वभावच तसा आहे, मला लपवून काय करायचं. हेमलता, माझी मुलगी, दोन वर्षांची होती तेव्हा माझ्या हातून वरवंटा पडला आणि बरोबर मधोमध फुटला. फुटका वरवंटा घरात ठेवू नये म्हणतात. मी तो उकिरड्यावर टाकायला निघाले, तर नानी म्हणाली, "माले दे अक्का. ढीगवर ठेवाले कामले ई." तिनं त्यातला अर्धा तुकडा उचलला आणि कमरेला खोचून नेला. तेव्हापासून नानीच्या ढिगावर तोच असायचा. काळाभोर, एका बाजूनं गोल, दुसऱ्या बाजूनं फुटलेला. गावातल्या इतर बायांना कदाचित ओळखू आला नसता. मला कसा येणार नाही? पाच वर्षं मी त्यानं मिरच्या वाटल्या होत्या.

यंदा मार्गशीर्षात रस्ता रुंद करायला झाडं तोडली. निंब, चिंचा, बाभळी, रस्त्याच्या दोन्ही अंगाची. मोठे बुंधे ठेकेदारानं ट्रकमधून नेले आणि फांद्या तिथंच टाकल्या. त्याचा माणूस म्हणाला, ज्याला पाहिजे त्यानं घेऊन जा, फुकट आहे. फुकट म्हटल्यावर काय, गाव लोटलं. ज्यांच्या घरी दोन-दोन सिलिंडर आहेत तेही कुऱ्हाडी घेऊन आले. मी तर सगळ्यांच्या पुढे होते.

मला गरजही होती. हेमलता पहिल्या बाळंतपणाला आली होती. सासर तिचं जळगावजवळ, असोद्याला. केळीवाले लोक, घरात गिझर, वर पाण्याची टाकी. मी तिला घेऊन निघाले तेव्हा विहीणबाई मला म्हणाल्या होत्या, "तुमच्याकडे थंडी फार असते म्हणे. तिला नीट ठेवा हं." त्या "हं" नं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, बघाच तुम्ही. बाजेखाली सकाळ-संध्याकाळ निखाऱ्याची शेगडी, कढत पाण्याची आंघोळ, ओव्याची धुरी, बारशाला येऊन बघा माझ्या लेकीचं अंग कसं भरलंय ते. गॅस आमच्याही घरी आहे. पण गॅसमधून निखारे पडतात का?

मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी दोघींना दवाखान्यातून घरी आणलं. अंगणात निंबाच्या फांद्यांची एक अख्खी ट्रॉली रचून ठेवलेली होती, शेजारच्या झुलालच्या ट्रॅक्टरवर आणलेली. मी मोठ्या डौलात शेगडी पेटवायला बसले. पेटते कुठली? ओलं लाकूड. नुसतं धुमसायचं, टोकातून फेस यायचा, आणि कडू धूर सगळ्या घरात. हेमलताचे डोळे सुजले. बाळ ठसकायला लागलं. माझे यजमान, तोताराम, एसटीत ड्रायव्हर होते, माणूस शांत. ते म्हणाले, "आज तोडलेलं झाड आज जळत नाही, धुरपदा. दोन महिने ऊन खाऊ दे त्याला." मी म्हटलं, बाळंतीण दोन महिने थांबेल का? माझ्यापुढे ते बहुतेक गप्पच बसतात.

खरं तर माझा राग नानीवर होता. एरवी दिवाळी झाली की ती कोरडं लाकूड घेऊन यायची. यंदा फिरकलीच नाही. म्हटलं, नेमकी गरज आहे तेव्हाच हिला माज आला. तिचे गुडघे गेलेत, तिचा लखन ऊसतोडीला गेलाय, सून पोटुशी म्हणून मागे राहिलीय, हे सगळं मला माहीत होतं. माहीत असणं आणि मनावर घेणं यात किती अंतर असतं ते मला या थंडीत कळलं.

पाचव्या दिवशी सकाळी मी पुन्हा झुलालला घेऊन निघाले. रस्त्यावर आता सगळी हिरवीच रास उरली होती. पुढे, पुलाच्या अलीकडे, जिथून पाड्याची वाट फुटते, तिथं मला तो ढीग दिसला. बघत राहावं असा ढीग. सगळी बाभूळ, आणि सगळी कोरडी. झाड तोडलं की त्यावर चार-दोन वाळक्या फांद्या असतातच. गाव हिरव्या फांद्यांवर तुटून पडलं होतं तेव्हा कुणीतरी एकेका झाडाखाली वाकून नुसत्या वाळक्या तेवढ्या वेचल्या होत्या. हातभर लांबीचे तुकडे केले होते, काटे साळून काढले होते, जाड खाली, बारीक वर. आठवडाभराचं काम होतं ते. आणि वर अर्धा वरवंटा.

झुलाल म्हणाला, "काकू, दगड आहे."

मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "अरे, ठेकेदाराचा मशीनवाला काल सांगत होता, आज संध्याकाळी इथलं सगळं ढकलून नाल्यात टाकणार. मातीत जाण्यापेक्षा कुणाच्या तरी चुलीत गेलं तर काय वाईट?"

"पण कुणाचा तरी आहे ना."

"ज्याचा असेल त्याला सांगू आपण. भर तू."

मशीनवाला तसं म्हणाला होता, हे खरं आहे. पण तो आला आठ दिवसांनी. आणि तो संध्याकाळी खरंच आला असता, तरी त्यानं माझं पाप कमी झालं असतं असं नाही. मनात मी वेगळंच म्हणत होते. मी म्हणत होते, नानीला काय, तिच्या पाठीशी अख्खा डोंगर आहे, ती आणखी वेचेल. जसा काही डोंगरावर तिच्यासाठी कुणी लाकडाचा साठा करून ठेवलाय. डोंगर उघडाबोडका झालाय, आणि उरल्यासुरल्या झाडाला हात लावला तर जंगलखात्याचा माणूस कुऱ्हाड जप्त करतो. तेही मला माहीत होतं.

झुलालनं भरलं. पोरगा मला नाही म्हणू शकला नाही. दगड मी स्वतः उचलला. तिथंच ठेवून आले असते तर बरं झालं असतं, पण रिकाम्या जागेवर नुसता दगड बघून नानीला काय वाटेल, असं मनात आलं. मनाची लाज तेवढीच उरली होती बघा, लाकडं नेली आणि दगडाला घाबरले. ट्रॉलीत टाकला आणि घरी आणला.

बाभूळ काय पेटली म्हणून सांगू. धूर नाही, तडतड नाही. लालबुंद निखारे, चार-चार तास ऊब. बाळ पहिल्यांदा सलग झोपलं. हेमलता म्हणाली, "आई, आता कसं छान वाटतंय." तोताराम अंगणात ढिगाजवळ बराच वेळ उभे राहिले. मग मला विचारलं, "हे कुठून आणलं?" मी म्हटलं, रस्त्यावरून. ते म्हणाले, "असं साळलेलं?" मी शेगडीत निखारे भरून आत नेले.

अंगणातल्या चुलीचा एक दगड उन्हाळ्यापासूनच ढिला झाला होता. बाळंतिणीचं पाणी तापवायचं मोठं पातेलं त्यावर डुगडुगायचं. घाईघाईत मी काय केलं, तर तो वरवंट्याचा तुकडा खाली सरकवला. बरोबर बसला. नंतर मी तो विसरूनही गेले. चोरी करणारा माणूस इतका मठ्ठ असतो, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते.

बाराव्या दिवशी बारसं. असोद्याहून जीप भरून माणसं आली. विहीणबाईंनी बाळाला हातात घेतलं, हेमलताच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "धुरपदाबाई, चांगलं ठेवलंत हो." मला आभाळ ठेंगणं झालं. आत बाया पाळणा म्हणत होत्या, मी बाहेर वाढप बघत होते, आणि फाटकातून नानी आली.

तिनं ओढणीच्या टोकाला बांधून धावड्याचा डिंक आणला होता, बाळंतिणीच्या लाडवासाठी. पुडीभर असेल. हेमलताच्या जन्माच्या वेळीही तिनं आणला होता. तिच्या खांद्यावर मोळीखाली घालायची चुंबळ होती. मोळी मात्र नव्हती. मला ते दिसलं, पण त्याचा अर्थ लावायला मी त्या दिवशी रिकामी नव्हते.

आत पाव्हण्यांची गर्दी, म्हणून ती अंगणातच चुलीजवळ उकिडवी बसली आणि हात शेकायला लागली. मी पत्रावळ घेऊन गेले तेव्हा ती चुलीत बघत होती. मीही बघितलं. पातेल्याखालून वरवंट्याची गोल बाजू बाहेर आली होती, धुरानं अर्धी काळी झालेली. मी पत्रावळ तिच्यापुढे ठेवली.

नानीनं एक लाकूड उचललं, हातात फिरवलं, आणि परत ठेवलं. म्हणाली, "कोरडं शे. चांगलं जळस."

मी म्हटलं, "झुलालनं आणून दिलं."

"हां," ती म्हणाली.

मग जेवता जेवता म्हणाली, "मनी सून बी मोकळी व्हयनी, अक्का. आठवाच महिना व्हता. पोऱ्या शे, पन भलता धाकला. काल घर आणं. डॉक्टर म्हने, ऊबमा ठेवा."

तेव्हा बोलायचं होतं मला. तेव्हाच. पंधरा पावलांवर ढीग होता, निम्म्याहून जास्त शिल्लक होता. म्हणायला हवं होतं, नानी, माझं चुकलं, हे तुझं आहे, झुलाल आत्ता पोचवून देईल. तेवढ्यात विहीणबाई ओसरीवर आल्या आणि खुर्चीवर बसल्या, आमच्याकडे तोंड करून. त्यांच्यासमोर मी कबूल करू की माझ्या लेकीची शेगडी चोरीच्या लाकडावर पेटते? मी म्हणाले, "बरं झालं नानी, मुलगा झाला. आणखी भात घे." असं म्हणाले मी. आणखी भात घे.

तिनं भात घेतला नाही. हात धुतले, हेमलताला दारातूनच बघितलं, तिथूनच बाळावरून हात ओवाळून बोटं कानशिलावर मोडली. चुंबळ खांद्यावर नीट केली आणि गेली. दगडाकडे तिनं वळून बघितलं नाही.

त्याच आठवड्यात थंडी पडली. धुळ्याला पारा पाचावर आला, पेपरात फोटो छापून आले. सकाळी हरभऱ्याच्या पानांवर पांढरं दिसायचं. मी बाळाच्या खोलीत शेगडी ठेवायची आणि बाहेर येऊन बसायची, मला त्या उबेत बसवत नव्हतं. डिंकाची पुडी फडताळात तशीच होती. लाडू करायला घेतले आणि ठेवून दिले. तोताराम बघत होते. चौथ्या दिवशी सकाळी चहा पिताना ते म्हणाले, "तो वरवंटा आपलाच ना? नानीला दिलेला?"

मी म्हटलं, "हो."

"मग मी झुलालला बोलावतो," एवढंच म्हणून ते चप्पल घालून निघाले. चिडले असते तर मी भांडले असते. मला भांडायला त्यांनी जागाच ठेवली नाही.

उरलेली सगळी बाभूळ आम्ही ट्रॉलीत भरली. चुलीतून मी वरवंटा काढला, राखेनं घासला, तरी त्याची काजळी गेली नाही. तो मांडीवर घेऊन ट्रॅक्टरवर बसले. पाड्याचा चढ मी तीस वर्षांत चार वेळाही चढले नव्हते. नानी तो डोक्यावर ओझं घेऊन उतरायची आणि मी तिला मोळी बारीक आहे म्हणायचे.

नानीचं घर शेवटचं, उतारावर, वाऱ्याच्या तोंडाला. कुडाच्या भिंती, वर पत्रे. या घराला एक दार होतं, सगळ्या पाड्यात नाव घ्यावं असं. नानीच्या नवऱ्यानं, अमरसिंगनं, स्वतः रंधलेलं सागाचं दार, वरच्या फळीवर मोर कोरलेला. अमरसिंग जाऊन दहा वर्षं झाली. नानी मोळी टाकायला आली की कधीमधी त्या दाराचं सांगायची, जसं आम्ही दागिन्याचं सांगतो.

दार नव्हतं. चौकटीला खताची रिकामी पोती दोऱ्यानं शिवून लावली होती. वारा आला की फुगायची.

पोतं सरकवून मी आत गेले. सून भिंतीला टेकून बसली होती, बाळ तिच्या उघड्या छातीशी, वर गोधडी. बाळाची फक्त टाळू दिसत होती, लिंबाएवढी. मधोमध विस्तव होता. विस्तवाच्या कडेला एक फळी जळायची राहिली होती, आणि तिच्यावर मोराचा पिसारा होता. मोर जळून गेलेला.

मी तिथंच बसले. म्हटलं, "नानी, पोरगं?"

"जगी गया," ती म्हणाली. "आते दूध ओढस."

मी वरवंटा तिच्यासमोर ठेवला आणि सगळं सांगितलं. मशीनवाल्याचं, झुलालचं, डोंगराचं, दगड मी ओळखला होता त्याचंही. रडत रडत सांगितलं. ती ऐकत होती आणि काडीनं विस्तव सारखा करत होती. माझं संपलं तेव्हा म्हणाली, "माले माहीत शे, अक्का. बारसाना दिनच दखा मी. चूल्हाले व्हता."

"मग बोलली का नाहीस गं? शिव्या द्यायच्या होत्यास. मी तिथंच दिली असती लाकडं."

"तुनी विहीन बठेल व्हती ना समोर," नानी म्हणाली.

माझी अब्रू मी विहिणीसमोर झाकली असं मी समजत होते. ती नानीनं झाकली होती, माझीच पत्रावळ समोर ठेवून, घरी दीड किलोचं पोर सोडून.

मग मला ती चुंबळ आठवली. विचारलं, "त्या दिवशी मोळी नव्हती, मग चुंबळ कशाला आणली होतीस?"

तिनं सुनेच्या खांद्यावरून घसरलेली गोधडी वर ओढली. मग म्हणाली, "मांगाले उनी व्हती. मना ढीग कोनी लई गयं, म्हनीसन तुनाकडे दोन दिनपुरतं लाकूड मांगाले. तठे दखं ते मनंच व्हतं. मनंच लाकूड कसं मांगू?"

त्याच संध्याकाळी तिनं दार उतरवलं होतं.

झुलालनं बाहेर लाकडं उतरवली. मी स्वतः रचली, तिच्यासारखी, जाड खाली, बारीक वर. मला तिच्यासारखं जमलं नाही. मग वरवंटा घेऊन वर ठेवायला गेले, तर नानीनं माझ्या हातातून तो घेतला. "आते दगडले कोन इचारस?" असं म्हणाली. त्यात राग नव्हता. भाव उतरलेल्या मालाबद्दल बोलावं तसं बोलली.

खरंच आहे तिचं. धुरपदाबाईनं दगडाखालचं नेलं, हे झुलालच्या तोंडून कसं ना कसं गावभर झालं, आणि मी किती नाही म्हटलं तरी लोकांना डोळे आहेत. रस्त्याचं काम पुढे सरकलं, आणखी झाडं पडली, पण आता ढिगावर कुणी दगड ठेवत नाही. बाया लाकूड तोडतात आणि तिथंच राखण करत बसतात. जी एकटी आहे, जिला तीन खेपा कराव्या लागतात, तिनं पहिली खेप नेली की मागे काही उरत नाही. माझी सासू असती तर माझ्या हातचं पाणी प्यायली नसती.

दार मी करून दिलं. साक्रीहून सुतार नेला, चांगलं शिसवी रंगाचं दार बसवलं. नानी नको म्हणाली नाही. बाळ आता चांगलं पाच किलोचं झालंय, लखन येऊन बघून गेला. डिंकाचे लाडू मी केले आणि अर्धे पाड्यावर पोचवले. लोक म्हणतात, धुरपदा, झालं ते झालं, तू भरून दिलंस ना सगळं. लोकांना काय जातं म्हणायला. त्या दारावर मोर नाही. सुताराला मी सांगितलं होतं, पण अमरसिंगचा मोर कसा होता, हे त्याला सांगायला मला आठवेना. इतकी वर्षं ती सांगायची, तेव्हा मी मोळी मोजत असायचे.

नानी आता येत नाही. गुडघे, म्हणते. त्या दिवशी लाकडं देऊन निघताना मी शेवटचं मागे वळून बघितलं होतं. तिनं पोत्याचं खालचं टोक ताणून उंबऱ्यावर घेतलं आणि वारा आत येऊ नये म्हणून त्यावर अर्धा वरवंटा ठेवला.